रीफ टँकमधलं कॅल्शियम, अल्कलिनिटी आणि मॅग्नेशियम: बेळगाव, खानापूर, अथणीकडच्या टँकवाल्यांसाठी

मरीन टँक (घरातलं खाऱ्या पाण्याचं मत्स्यालय; त्यात कोरल, म्हणजे जिवंत प्रवाळ, असलं की तो रीफ टँक) लावणाऱ्याचे पहिले पैसे दिसणाऱ्या गोष्टींवर जातात. लाइट, स्किमर, वेव्हमेकर, क्लाउनफिशची जोडी. मग काही महिन्यांनी हॅमर कोरल आखडायला लागतं, मागच्या काचेवर चढत आलेला जांभळा थर पांढरा पडतो आणि बाटल्यांची खरेदी सुरू होते. एकीवर कॅल्शियम लिहिलेलं, दुसरीवर बफर (अल्कलिनिटी चढवणारं), तिसरीवर मॅग्नेशियम. तिन्हीतलं थोडं थोडं ओतून बघितलं जातं. कधी पाणी दुधासारखं होतं, कधी काहीच होत नाही, आणि दोन्ही वेळा माणूस बाटलीला शिव्या घालतो.

हा लेख ओतण्याआधी मोजायची तयारी असलेल्यांसाठी आहे. माझं म्हणणं एवढंच की, तुमचा टँक दिवसाला किती अल्कलिनिटी (पाण्यात विरघळलेल्या कार्बोनेट-बायकार्बोनेटचा साठा) खातो हे आधी काढा. कॅल्शियमचा हिशेब त्यातूनच निघतो, आणि मॅग्नेशियमकडे महिन्यातून एकदा बघितलं तरी चालतं.

कोरल पाण्यातून काय उचलतं

कडक कोरलचा सांगाडा कॅल्शियम कार्बोनेटचा असतो. शिंपला आणि काचेवरचं जांभळं कोरलाइन शेवाळही त्याच मालाचं. हा सांगाडा बांधताना कॅल्शियम आणि कार्बोनेट ठरलेल्या प्रमाणात लागतं. अल्कलिनिटी १ डीकेएचने (हे तिचं माप) उतरली तर कॅल्शियम साधारण ७ पीपीएमने (लिटरमागे मिलिग्रॅम) उतरतं. हे प्रमाण तुमच्या टँकलाही लागू आहे आणि लक्षद्वीपच्या समुद्रालाही.

आता साठा बघा. समुद्राच्या पाण्याचा खारटपणा ३५ पीपीटी (हजारात ३५ भाग) असतो तेव्हा कॅल्शियम ४१० ते ४२० पीपीएम, मॅग्नेशियम १२८० ते १३०० पीपीएम आणि अल्कलिनिटी ७ डीकेएचच्या आसपास असते. समजा, तुमच्या टँकचा खर्च दिवसाला ०.३ डीकेएच आहे. आठवडाभर काहीच घातलं नाही तर अल्कलिनिटी ८ वरून ५.९ वर येईल, म्हणजे पाव साठा संपला. त्याच आठवड्यात कॅल्शियम ४२० वरून ४०५ वर येईल. हा १५ पीपीएमचा फरक घरगुती किटवर धड दिसतही नाही. म्हणून टँकची नाडी अल्कलिनिटीवर बघायची. कॅल्शियमचा आकडा बघून डोस ठरवणारा माणूस नेहमी उशिरा जागा होतो.

मॅग्नेशियम वेगळ्या कामाचं. कोरल ते फार कमी वापरतं, पण ते पाण्यात भरपूर असल्यामुळेच कॅल्शियम आणि कार्बोनेट एकमेकांना चिकटून खाली बसत नाहीत. कॅल्शियम कार्बोनेटचा बारीक स्फटिक तयार व्हायला लागला की मॅग्नेशियम त्याच्या पृष्ठभागावर जाऊन बसतं आणि वाढ रोखतं. ते ११०० च्या खाली गेलं की अल्कलिनिटी चढवायला कितीही खाण्याचा सोडा घाला, ती टिकत नाही. घातलेला माल हीटरवर आणि पंपाच्या रोटरवर पांढरा खर होऊन बसतो.

टँकमध्ये कॅल्शियम ४०० ते ४५०, मॅग्नेशियम १२५० ते १३५० आणि अल्कलिनिटी ७ ते ९ च्या दरम्यान कुठेतरी धरायची. कुठेतरी म्हणजे खरंच कुठेतरी. महिनोन्‌महिने ७.५ वर उभा असलेला टँक ७ ते १० मध्ये झोके खाणाऱ्या टँकपेक्षा केव्हाही बरा.

पहिली पायरी: पाणी

बेळगाव शहरात राकसकोप आणि हिडकलचं पाणी येतं. ते तुलनेने मऊ, पण त्यात क्लोरीन असतं आणि पावसाळ्यात गढूळपणाही. अथणी, रायबागकडे बोअरचं पाणी असेल तर टीडीएस (विरघळलेले एकूण क्षार) मीटरचा आकडा बघूनच घाम फुटतो. दोन्हीकडे आरओ-डीआय (आरओचं मेंब्रेन आणि त्यापुढे उरलेले क्षार धरणारं डीआय रेझिन) लागतंच, फक्त खर्चात फरक पडतो. मेंब्रेन साधारण ९५ टक्के क्षार अडवतं. म्हणजे ८०० टीडीएसच्या बोअरमधून ४० उरतात आणि ते सगळे डीआय रेझिनला गिळावे लागतात. रेझिन भराभर संपतं. तिकडच्यांनी रेझिनचे दोन डबे एकामागे एक लावावेत आणि पहिल्या डब्यानंतरचा टीडीएस बघत राहावं.

स्वयंपाकघरातल्या पिण्याच्या आरओचं पाणी वापरायचा मोह होतो. त्यात बहुतेक वेळा टीडीएस कंट्रोलर असतो, जो चवीसाठी थोडं कच्चं पाणी परत मिसळतो. काहींत खनिजांचं काडतूसही असतं. पिण्यासाठी ठीक आहे, टँकसाठी नाही. डीआयनंतर मीटरवर शून्य दिसलं पाहिजे.

खानापूर, कणकुंबीकडचे लोक विचारतात, एवढा पाऊस पडतो, तर पन्हाळीचं पाणी का नको? पत्र्यावरून आलं असेल तर त्यात जस्त उतरतं आणि जस्त कोरल-गोगलगायींना विषच. वापरायचंच असेल तर तेही डीआयमधून काढा.

चोर्ला घाट उतरून गोव्याहून समुद्राचं पाणी आणणारेही आहेत. पावसाळ्यात आणि नदीच्या मुखाजवळचं पाणी आणू नका, त्यातला खारटपणा कमी झालेला असतो आणि वरून वाहून आलेली घाणही असते. आणि तिथून पाण्याशिवाय दुसरं काही उचलू नका. कडक सांगाड्याची सगळी कोरलं वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या अनुसूची १ मध्ये आहेत, मेलेला तुकडासुद्धा अडचणीत आणू शकतो. दुकानातून कोरल घेतानाही बिल आणि आयातीची कागदपत्रं मागून घ्या.

दुसरी पायरी: खारटपणा आधी, बाकी सगळं नंतर

तिन्ही आकडे मिठाबरोबर वरखाली होतात. खारटपणा ३५ ऐवजी ३१ असेल तर ४२० चं कॅल्शियम ३७२ दिसतं, मॅग्नेशियमही त्याच प्रमाणात घसरतं. अशा वेळी कॅल्शियम घालणं म्हणजे चुकीच्या रोगाचं औषध. कमी आहे ते मीठ.

रिफ्रॅक्टोमीटर (खारटपणा मोजायचं उपकरण) नुसत्या आरओच्या पाण्यावर शून्य करून भागत नाही. स्वस्तातले बरेच रिफ्रॅक्टोमीटर साध्या मिठाच्या द्रावणासाठी बनवलेले असतात आणि समुद्राच्या पाण्यावर एक-दोन अंकांनी चुकतात. ३५ पीपीटीचं कॅलिब्रेशन द्रावण घ्या आणि काटा त्यावर जुळवा. रीडिंग घेण्याआधी थेंब काचेवर अर्धा मिनिट राहू द्या.

नवीन मिठाचा डबा उघडला की ताज्या कालवलेल्या पाण्यात तिन्ही आकडे एकदा मोजून डब्यावर मार्करने लिहून ठेवा. काही मिठं ७ डीकेएचची असतात, काही ११ ची. ८ वर बसलेल्या टँकमध्ये ११ चं पाणी मोठ्या प्रमाणात बदललं तर त्या दिवशी कोरलला धक्का बसणारच.

तिसरी पायरी: मोजणी

शेजारी येऊन विचारतात, “काय ओ, पाणी तर काचेसारखं निवळ आहे की, मग हे रोज काय मोजत बसलाय?” पाणी निवळ असण्याचा आणि त्यात काय विरघळलंय याचा काही संबंध नाही, हे त्यांना सांगून पटत नाही. सांगू नका.

किट कोणतंही चालेल, सॅलिफर्ट घ्या, रेड सी घ्या. अल्कलिनिटीसाठी हॅनाचा डिजिटल चेकर बरा, कारण रंग ओळखायची कटकट नाही. त्याचं एक मॉडेल आकडा पीपीएममध्ये देतं, त्याला १७.८६ ने भागलं की डीकेएच येतं. थेंबांच्या किटमध्ये कुपी खिडकीसमोर नाही तर पांढऱ्या कागदासमोर धरा. निळ्या पाण्यात थेंब पडला की तिथे तांबूस डाग उठतो, कुपी हलवली की विरतो. पुढच्या थेंबाला विरायला जरा जास्त वेळ लागतो. मग एक थेंब असा येतो की हलवूनही निळं परत येत नाही. तिथे थांबा. आणखी एक टाकून खात्री करायची सवय असेल तर दरवेळी एक टाका, पण कधी टाकायचा आणि कधी नाही असं नको. मोजणीची वेळही रोज एकच ठेवा, म्हणजे लाइट लागायच्या आधी किंवा संध्याकाळी, जे जमेल ते.

किट खरं बोलतंय का, हे घरी तपासता येतं. खाण्याचा सोडा ३ ग्रॅम घ्या, आरओ-डीआयच्या पाण्यात विरघळवून नेमकं १ लिटर करा. हे द्रावण १०० डीकेएचचं झालं. त्यातलं १०० मिली घेऊन पुन्हा १ लिटर करा. आता ते १० डीकेएचचं. किटने ते मोजा. ९.७ ते १०.३ मध्ये आलं तर किट चांगलं, ८.५ आलं तर रसायन जुनं झालंय. ०.१ ग्रॅम दाखवणारा सोनाराचा छोटा काटा हवा, ऑनलाइन स्वस्तात मिळतो. मिठाईच्या दुकानातला नको.

चौथी पायरी: टँकमध्ये खरं पाणी किती

काचेची मापं गुणून येणारा आकडा खोटा असतो. ९० बाय ४५ चा टँक असेल आणि पाण्याची उंची ४५ सेंटिमीटर असेल तर १८२ लिटर होतात. त्यातून दगड आणि वाळूसाठी २५-३० लिटर वजा करा. सम्पमध्ये (टँकला जोडलेली खालची टाकी) चालू अवस्थेत ४५ लिटर असतील तर एकूण २०० लिटर झालं. पुढची सगळी उदाहरणं २०० लिटरची धरतो. अंदाज चुकायचाच असेल तर कमी बाजूला चुकू द्या. डोस कमी पडला तर उद्या भरता येतो.

पाचवी पायरी: घसरलेले आकडे जागेवर आणणं

समजा, खारटपणा ३५ आहे, मॅग्नेशियम ११८०, अल्कलिनिटी ६.२ आणि कॅल्शियम ३७०. क्रम असा ठेवा: आधी मॅग्नेशियम, मग अल्कलिनिटी, शेवटी कॅल्शियम. मॅग्नेशियम कमी असताना बाकीचं घातलं तर ते खाली बसतं, हे वर आलंच.

१०० लिटर पाण्यात मॅग्नेशियम १० पीपीएमने चढवायला मॅग्नेशियम क्लोराइड हेक्साहायड्रेट ८.४ ग्रॅम लागतं. आपल्याला ११८० वरून १३०० ला जायचंय, म्हणजे १२० पीपीएम, २०० लिटरमध्ये. हिशेब साधारण २०० ग्रॅमचा. ते तीन दिवसांत वाटून घाला, दर वेळी लिटरभर आरओच्या पाण्यात विरघळवून, सम्पमध्ये सावकाश. एप्सम सॉल्टही चालतं, ते १० पीपीएमला १० ग्रॅम लागतं, पण मोठी भर पूर्ण त्याचीच घातली तर सल्फेट वाढत जातं.

इथे एक सावधगिरी. आपल्या भागात ऊस आणि द्राक्षवाल्यांसाठी खताच्या दुकानात मॅग्नेशियम सल्फेटच्या गोण्या मिळतात, स्वस्त. ते पिकासाठी बनवलेलं असतं, त्यात तांबं किंवा दुसरा जड धातू किती याची हमी टँकवाल्याला कोणी देत नाही. आणि तांब्याने कोरल, कोळंबी, गोगलगाई सगळं मरतं. लॅब ग्रेड, फूड ग्रेड किंवा औषधी ग्रेडचं घ्या. कॅल्शियम क्लोराइडचंही तसंच, बर्फ कारखान्यातलं औद्योगिक नको.

अल्कलिनिटी १ डीकेएचने चढवायला १०० लिटरमागे खाण्याचा सोडा ३ ग्रॅम लागतो. ६.२ वरून ८.२ ला जायला २०० लिटरला १२ ग्रॅम. एका दिवसात १ डीकेएचपेक्षा जास्त कधीच चढवू नका. मी अर्धाच चढवा म्हणेन, म्हणजे रोज ३ ग्रॅम, चार दिवस, अधिक टँक रोज खातो तेवढा. ॲक्रोपोरा (फांद्यांचं नाजूक कडक कोरल) असेल तर ही घाई त्याच्या टोकांवर लगेच दिसते, टोकं पांढरी जळकी पडतात. सोडा किराणा दुकानातला चालतो, पण पाकिटावर फक्त सोडियम बायकार्बोनेट असलं पाहिजे. बेकिंग पावडर ही वेगळी चीज, तिच्यात स्टार्च आणि आम्ल असतं. धुण्याचा सोडाही नको.

कॅल्शियम १० पीपीएमला १०० लिटरमागे कॅल्शियम क्लोराइड डायहायड्रेट ३.७ ग्रॅम. ३७० वरून ४२० ला जायला २०० लिटरला ३७ ग्रॅम, तीन दिवसांत.

सहावी पायरी: रोजचा खर्च काढणं

लेखातला सगळ्यात महत्त्वाचा भाग हाच, आणि सगळ्यात जास्त लोक हाच वगळतात.

आकडे जागेवर आले की तीन दिवस काहीही घालू नका. बफर नाही, कॅल्शियम नाही, पाणी बदलणंही नाही. एटीओमध्ये (उडालेलं पाणी आपोआप भरणारी यंत्रणा) नुसतं आरओ-डीआय पाणी. पहिल्या दिवशी आणि चौथ्या दिवशी, त्याच वेळेला, अल्कलिनिटी मोजा. ८.४ होती ती ७.५ झाली, तर तीन दिवसांत ०.९ गेली, म्हणजे दिवसाला ०.३. हा तुमच्या टँकचा आकडा. मऊ कोरलच्या टँकमध्ये तो जवळजवळ शून्य येतो. मग पंधरवड्याला दहा-पंधरा टक्के पाणी बदललं की काम भागतं, डोसिंग पंपाचे पैसे वाचवा. एसपीएसनी (ॲक्रोपोरासारखी बारीक पॉलिपची कडक कोरलं) भरलेल्या टँकमध्ये तो १ च्या पुढे जातो.

आता स्टॉक द्रावणं. दोन बाटल्या घ्या. एकीत खाण्याचा सोडा ६० ग्रॅम, पाणी घालून १ लिटर. दुसरीत कॅल्शियम क्लोराइड डायहायड्रेट ५२ ग्रॅम, पाणी घालून १ लिटर. पुडीवर अनहायड्रस लिहिलं असेल तर ४० ग्रॅमच. कॅल्शियम क्लोराइड विरघळताना गरम होतं, अनहायड्रस तर चांगलंच तापतं, म्हणून ते पाण्यात थोडं थोडं टाका, त्याच्यावर पाणी ओतू नका. आधी कमी पाण्यात विरघळवा, गार झालं की खुणेपर्यंत भरा.

या दोन द्रावणांचं माप एकमेकांशी जुळवलेलं आहे. दोन्हीचे ५० मिली १०० लिटर पाण्यात घातले की अल्कलिनिटी १ डीकेएचने आणि कॅल्शियम ७ पीपीएमने चढतं, म्हणजे कोरल ज्या प्रमाणात खातं त्याच प्रमाणात. आपल्या २०० लिटरच्या, ०.३ खाणाऱ्या टँकला दोन्हीचे रोज ३० मिली. दोन्ही बाटल्यांचे डोस नेहमी सारखे ठेवा. एक वाढवला की दुसराही वाढवा.

घालायचं कसं? सोडा सकाळी, कॅल्शियम संध्याकाळी, दोन्ही जोराच्या प्रवाहात, थेंब थेंब. दोन्ही एकाच जागी लागोपाठ ओतले की पाण्यात चुन्यासारखा पांढरा ढग उठतो. तो ढग म्हणजे तुमचे पैसे, वाळूवर जाऊन बसणारे. पंपवाल्यांनी दिवसाच्या डोसचे आठ-दहा भाग करावेत. काट्याचा टायमर असेल तर लाइट गेल्यावर तो थांबतो आणि डोसच्या वेळा सरकत जातात, सोडा आणि कॅल्शियम एकमेकांवर येतात. बॅटरी बॅकअपवाला डिजिटल घ्या.

घरात पीएच ८ च्या खाली राहत असेल तर सोडा ओव्हनमध्ये १८० अंशावर तासभर भाजून घ्या. त्यातलं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड निघून सोडियम कार्बोनेट होतं आणि वजन ६० ग्रॅमचं ३८ च्या आसपास उतरतं. तेवढंच १ लिटरला घाला. अल्कलिनिटी तेवढीच मिळते, पीएच मात्र चढतो. पावसाळ्यात खिडक्या बंद असल्या की बऱ्याच घरांत याची गरज पडते.

आपल्या हवेचा हिशेब

बेळगावला गरिबांचं महाबळेश्वर म्हणतात, आणि टँकवाल्यासाठी ते खरंच आहे. चिलरची खरी गरज मार्च-एप्रिल-मेमध्येच लागते. पण पावसाळा या छंदाशी दुसऱ्या बाजूने खेळतो.

कॅल्शियम क्लोराइड हवेतला ओलावा ओढून घेतं. मृग लागल्यावर पुडी उघडी राहिली की दाणे आधी चकाकायला लागतात, मग एकमेकांना चिकटतात, आणि चार दिवसांनी पुडीच्या तळाशी पाणी साचलेलं दिसतं. मॅग्नेशियम क्लोराइडचं तेच. अशा ओल्या मालाचे ५२ ग्रॅम मोजले तर त्यात पाण्याचं वजन किती हे कोण सांगणार? खानापूर, लोंढ्याकडे तर डब्याचं झाकण नीट नसलं तरी हेच होतं. यावर उपाय सोपा आहे. मे महिन्यात, हवा कोरडी असताना, अर्ध्या किलोची सीलबंद पुडी एकदम उघडा आणि सगळी विरघळवून ९.५ लिटर द्रावण करून कॅनमध्ये भरा. कॅल्शियम क्लोराइडचं द्रावण खराब होत नाही. दिवसाला ३० मिलीने ते दहा महिने पुरतं आणि पावसात काटा काढायची वेळच येत नाही.

दुसरा मुद्दा चुन्याच्या निवळीचा. कॅल्शियम हायड्रॉक्साइड १.५ ग्रॅम १ लिटर आरओच्या पाण्यात ढवळून, झाकून, गाळ खाली बसू दिला की वरची निवळी कॅल्शियम आणि अल्कलिनिटी दोन्ही एकत्र, बरोबर प्रमाणात देते. रोज बाष्पीभवनाने जाणाऱ्या पाण्याच्या जागी ती सोडायची. १०० लिटर टँकमध्ये १ लिटर भरलेली निवळी १ डीकेएचपेक्षा थोडी जास्तच देते. स्वस्त, पीएचही वर ठेवते. पानाचा चुना मात्र नको, त्याच्या शुद्धतेचा भरवसा नाही.

अडचण अशी की निवळी तेवढीच जाते जेवढं पाणी उडतं. अथणीला एप्रिलमध्ये पंखा लावलेल्या टँकमधून भरपूर पाणी उडतं, तिथे पूर्ण ताकदीची निवळी जास्तच होईल, पातळ करावी लागेल. आपल्या २०० लिटरच्या टँकमधून दिवसाला २ लिटर उडत असेल तर पूर्ण निवळी १.१ डीकेएच देते आणि टँक खातो ०.३. म्हणजे पावडर साधारण पावपट. तेच टँक जुलैत खानापुरात असेल, पंखा बंद, हवा ओली, तर पाणी जेमतेम उडतं आणि तीच पातळ निवळी अपुरी पडते. कोरडी हवा असलेल्या बाजूला निवळी चांगली चालते, घाटाकडे दोन बाटल्यांची पद्धत बरी. दोन्ही एकत्र चालवायचं असेल तर निवळीतून किती गेलं ते वजा करून उरलेलंच बाटल्यांतून द्या.

निवळीचा पीएच १२ च्या वर असतो, हात आणि डोळे सांभाळा. एटीओला जोडत असाल तर आणखी एक बघा. लाइट आली की रिटर्न पंप सम्पमधलं पाणी वर ओढतो, सम्पची पातळी थोडा वेळ खाली जाते आणि एटीओला वाटतं पाणी उडालं. तो निवळी सोडतो. दुपारभर लाइट येत-जात राहिली तर दरवेळी थोडी थोडी जाते आणि पीएच अंगावर येतो. एटीओचा पंप लाइट आल्यानंतर पंधरा मिनिटांनी सुरू होईल असा डिले टायमर लावा.

आकडे पटत नाहीत तेव्हा

अल्कलिनिटी घसरते, पण कॅल्शियम जागचं हलत नाही, असं दिसलं तर घाबरू नका. बऱ्याचदा किटला कॅल्शियमचा तेवढा फरक पकडता येत नसतो. नसेल तर नायट्रेट मोजा. टँक नवीन असेल, मासे जास्त असतील आणि नायट्रेट चढत असेल, तर ते चढताना अल्कलिनिटी खर्च होते आणि कॅल्शियमला हातही लागत नाही. नायट्रेट ५० पीपीएमने वाढलं की अल्कलिनिटी २.३ डीकेएचने उतरते. इथे सोड्याचा डोस थोडा वाढवणं बरोबर, पण खरं काम खाणं कमी करण्याचं आणि पाणी बदलण्याचं.

डोस वाढवत नेला तरी अल्कलिनिटी चढत नाही, उलट हीटरवर पांढरा थर जमतोय, वाळू एकमेकीला चिकटून ढेकळं होतायत, तर डोस थांबवा. मॅग्नेशियम मोजा, खारटपणा मोजा, आणि सोडा पडतो त्या जागेचा प्रवाह बघा. पंप काढून लिंबूसत्त्वाच्या किंवा व्हिनेगरच्या पाण्यात तासभर बुडवा, खर फेसाळून निघतो. स्वच्छ धुऊन परत लावा.

अचानक खर्च कमी झाला, म्हणजे रोजचाच डोस चालू असून अल्कलिनिटी चढायला लागली, तर तो सगळ्यात गंभीर इशारा. कोरल वाढायचं थांबलंय. तापमान, लाइट, पाण्यात तांबं, कीड, काहीतरी बिघडलंय. डोस कमी करा आणि कारण शोधा. बऱ्याचदा कोरलच्या अंगावर काही दिसायच्या आधी अल्कलिनिटीच सांगते.

पाण्यात नायट्रेट आणि फॉस्फेट दोन्ही जवळजवळ शून्य असतील तर अल्कलिनिटी ७ ते ८ मध्येच ठेवा. कोरलच्या पोटाला काही नसताना त्याला सांगाडा वाढवायला लावला की ते जळतं.

कॅल्शियम ५०० झालं म्हणून काही करायची गरज नसते. त्या बाटलीचा डोस थोडे दिवस बंद करा, टँक स्वतःच खाली आणतो. सोड्याचा मात्र चालू ठेवा.

दोन बाटल्यांच्या पद्धतीत सोडियम आणि क्लोराइड हळूहळू साठत जातं, खारटपणा सरकतो. म्हणून पंधरवड्याला दहा टक्के पाणी बदलणं आणि महिन्यातून एकदा रिफ्रॅक्टोमीटर पुन्हा ३५ च्या द्रावणावर जुळवणं सोडू नका. मॅग्नेशियमची थोडीफार घटही त्या पाणीबदलातच भरून निघते. कॅल्शियम रिॲक्टरबद्दल इथे लिहीत नाही. पाचशे लिटरच्या खाली त्याचा खटाटोप परवडत नाही.

अल्कलिनिटी आठवड्यातून दोनदा, कॅल्शियम पंधरवड्याला, मॅग्नेशियम महिन्याला, एवढं मोजत राहा आणि वहीत तारखेसकट लिहा. नवीन फ्रॅग (कोरलचे छोटे तुकडे) लावले, लाइट बदलली किंवा हवा बदलली की तीन दिवसांची मोजणी पुन्हा करा. मृगाच्या सुरुवातीला, दिवाळीनंतर आणि मार्चअखेर, एवढ्या तीन वेळा तर नक्कीच. त्याच वेळी डोसिंग पंपाची नळीही तपासा. वर्षभरात तिचं रबर ढिलं पडतं आणि ३० मिलीच्या जागी २५ पडायला लागतं. पंपाचं तोंड मेजरिंग सिलिंडरमध्ये सोडून एक पूर्ण दिवसाचा डोस चालवला की लगेच कळतं.